मानसशास्त्रात पीएच.डी. करताना

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीनुसार पदव्युत्तर पदवीला किमान 55 टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्ग व दिव्यांग उमेदवारांना 5 टक्क्यांची सवलत आहे. प्रवेशासाठी नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा आणि त्यानंतर मुलाखत, हा सर्वसाधारण मार्ग होय.

खरी मेहनत विषय निवडताना लागते. ‘ताणतणाव आणि आरोग्य’ असा ऐसपैस विषय घेऊन गेल्यास मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला अडखळायला होते. त्याऐवजी ‘रात्रपाळीच्या परिचारिकांची झोप आणि एकाग्रता’ असा प्रश्न मांडला, तर नमुना (अभ्यासात सहभागी होणाऱ्या व्यक्ती) कोठून मिळेल, झोप कशी मोजायची आणि एकाग्रतेसाठी कोणती चाचणी वापरायची, हे आपोआप ठरत जाते. चाचणी इंग्रजीत असेल, तर निर्मात्याची परवानगी, मराठी अनुवाद, मूळ चाचणी न पाहिलेल्या व्यक्तीकडून त्याचा पुन्हा इंग्रजीत उलट अनुवाद आणि छोट्या गटावर पूर्वतपासणी एवढे सोपस्कार करावेच लागतात, आणि त्यांत महिनोन्महिने जातात. नैतिकता समितीची मान्यता मिळण्यापूर्वी एकही प्रश्नावली भरून घेऊ नये.

मार्गदर्शक निवडताना पदापेक्षा त्यांचे अलीकडचे शोधनिबंध पाहावेत. ‘प्राध्यापक’ या पदावरील मार्गदर्शकाकडे एका वेळी साधारणपणे आठच विद्यार्थी असू शकतात, त्यामुळे जागा रिकामी आहे का, हे आधीच विचारावे. खर्चासाठी बार्टी, सारथी व महाज्योती या ठरावीक समाजघटकांसाठीच्या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. समुपदेशन करण्याच्या ओढीने इकडे वळणाऱ्यांनी मात्र थांबून विचार करावा, कारण केवळ या पदवीने चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी होत नाही.