कॅडमध्ये ओरिजिन आणि कंपोनंट: असेंब्ली बिघडवणाऱ्या या चुका टाळा

कुपवाड, मिरज एमआयडीसीत डिप्लोमा करून नवीन डिझाइनला लागलेली पोरं कमांड भराभर शिकतात, पण पार्ट ओरिजिनला (मॉडेलच्या शून्य बिंदूला) कुठं बसवायचा हे पहिल्या स्केचच्या आधी ठरवत नाहीत, आणि पुढं असेंब्लीत मेट (दोन पार्ट जोडणारे नियम) लाल झाले की सॉफ्टवेअर गंडलंय म्हणून बसतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे सवयीनं प्लेटचा कोपरा ओरिजिनला टेकवणं. समजा बेअरिंग ब्रॅकेटची बेस प्लेट १६० मिमी लांब आहे, कोपऱ्यापासून काढली, मग होल मिरर करायला ८० वर एक प्लेन (संदर्भाची सपाट पातळी) टाकलं. कस्टमर म्हणाला लांबी १८० करा. तुम्ही डायमेन्शन बदललं, प्लेटचा मध्य गेला ९० वर, प्लेन मात्र तिथंच ८० वर, म्हणजे होलचं सेंटर १० मिमी सरकलं आणि एरर काहीच नाही, ड्रॉइंग तसंच शॉपमध्ये जातं. हे फार वाईट, कारण लाल खूण आली असती तर माणूस थांबला तरी असता. त्यापेक्षा टॉप प्लेनवर सेंटर रेक्टँगल घ्या, त्याचा मध्य ओरिजिनला ठेवा आणि जाडी वरच्या बाजूला द्या. मग फ्रंट आणि राइट प्लेन आपोआप मध्यात येतात, बसायचा फेस टॉप प्लेनवर राहतो, वेगळं प्लेन लागतच नाही. शाफ्ट, बुश असल्या टर्निंगच्या पार्टला अक्ष ओरिजिनमधून न्या. कोपरा नेहमीच चूक असंही नाही, ड्रॉइंगमध्ये सगळी मापं कोपऱ्यापासून दिली असतील तर कोपराच घ्या.

सॉलिडवर्क्समध्ये असेंब्लीला पहिला पार्ट आणताना स्क्रीनवर कुठंतरी क्लिक करू नका, सरळ हिरवी टिक दाबा, पार्टचा ओरिजिन असेंब्लीच्या ओरिजिनवर बसतो. क्लिक केलं तर पार्ट आहे तिथंच फिक्स होतो आणि असेंब्लीचे मूळ प्लेन कशालाच उपयोगी पडत नाहीत. झालं असेल तर राइट क्लिक करून फ्लोट (मोकळा) करा आणि त्याचे तिन्ही प्लेन असेंब्लीच्या तिन्ही प्लेनशी कोइन्सिडंट (एकावर एक) करा. मेट हलायला लागले म्हणून प्रत्येक पार्ट फिक्स करत सुटायचं, हे तर अजिबात नको, पार्टचं माप बदललं की शेजारचा पार्ट त्याच्यामागं येणारच नाही.

फ्युजन हे दुसरं कॅड सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचं दुखणं वेगळं. सगळं बॉडीतच (नुसत्या घन आकारात) काढतात आणि शेवटी बॉडीवरून कंपोनंट (स्वतःचा ओरिजिन असलेला वेगळा पार्ट) करतात. कंपोनंट होतो खरा, पण त्याचा ओरिजिन मूळ डिझाइनच्याच शून्यावर राहतो, म्हणजे त्या शून्यापासून ३०० मिमी दूर असलेल्या पार्टचा शून्य हवेत, आणि स्केचपण वरच्या डिझाइनमध्येच पडून राहतात. आधी न्यू कंपोनंट करा, तो ॲक्टिव्ह आहे का बघा आणि मगच स्केच काढा. कॉपी करतानाही लक्ष द्या, साध्या पेस्टनं आलेला कंपोनंट मूळच्याशी जोडलेला असतो, एकात होल मारलं की दुसऱ्यातही पडतं, वेगळा हवा असेल तर पेस्ट न्यू.

कस्टमरची स्टेप फाइल (कुठल्याही कॅडमध्ये उघडणारी ३डी फाइल) उघडली आणि स्क्रीनवर काहीच दिसत नाही, तर आधी झूम टू फिट करा. गाड्यांचे पार्ट बऱ्याचदा पूर्ण गाडीच्या शून्यापासून काढलेले असतात म्हणून पार्ट लांब कुठंतरी असतो. तो लगेच ओढून मध्यात आणू नका, ती जागा शेजारच्या पार्टशी जुळवलेली असते. पार्टवर नवीन कोऑर्डिनेट सिस्टिम टाका आणि मशीनिंगसाठी फाइल एक्स्पोर्ट करताना तीच निवडा.

आणि व्हीएमसी मिलिंग मशीनचा जी ५४ (मशीनवरचा जॉबचा शून्य) मॉडेलच्या ओरिजिनवरच असतो असं धरून चालू नका. कॅमच्या (मशीनचा प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सेटअपमध्ये शून्य वेगळा निवडता येतो, स्टॉकच्या वरच्या कोपऱ्यात म्हणा किंवा बोअरच्या सेंटरला. तो कुठं घेतलाय आणि झेड शून्य वरून की खालून, हे सेटअप शीटवर चित्र काढून लिहा आणि ऑपरेटरला जॉब बांधायच्या आधी दाखवा.