डिप्रेशनच्या गोळीनं मळमळ, झोप उडणं, डोक्यात झटके : माझा अनुभव

उदासीसाठी डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम दिली, रात्री जेवणानंतर. तिसऱ्या दिवसापासून मळमळ, तोंड कोरडं आणि रात्री दोनला टक्क जाग. पऱ्हाटीत डवरा धरला की हात थरथरायचे.

निंबाचं सरबत घेऊन पाहिलं. मग स्वतःच्याच मनानं गोळी दिवसाआड केली, तर जास्तच बिघडलं. पाचव्या आठवड्यात एकदम बंद केली. दोन दिवसांत मान वळवली की डोक्यात विजेचा बारीक झटका आणि चक्कर. मोठी माय म्हणे, बाहेरचं आहे. मी पार खचलो होतो.

शेवटी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ ला फोन लावला. तो मोफत आहे, मराठीत बोलतात. झटके गोळी अचानक बंद केल्याचे असू शकतात, लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच भेटा, असं त्यांनी सांगितलं. एसटीनं यवतमाळ गाठलं. सोबत वहीचं पान नेलं : गोळी किती वाजता, त्रास किती वाजता. खरं काम त्या पानानं केलं. डॉक्टरांनी ते पाहून ५ मिलिग्रॅमपासून पुन्हा सुरू केली, सकाळी, भाकर खाल्ल्यावर. दोन आठवड्यांनी परत १०. दुपारनंतर चहा बंद. झटके आठवडाभरात थांबले, झोप तिसऱ्या आठवड्यात आली.

हा डोस माझा; तुमचा तुमचे डॉक्टर ठरवतील. सुरुवातीच्या दिवसांत जीव फार कासावीस झाला किंवा जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा. गोळ्यांची पट्टी आता भाकरीच्या टोपल्यातच ठेवतो, म्हणजे चुकत नाही.