पेट्रोलचा काटा पडलाय? डॅशबोर्ड खोलण्याआधी या चुका टाळा

जुन्या अ‍ॅम्बेसेडरचा किंवा पद्मिनीचा पेट्रोलचा काटा पडला की पहिली चूक ठरलेली, थेट डॅशबोर्ड खोलायचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वायरमन मिळतो, शोधलं तर जुना मीटरही मिळतो. मीटर बदलून होतो आणि काटा होता तिथंच! माझं म्हणणं, सुरुवात डिकीकडून करा. बहुतेक वेळा दुखणं टाकीपाशीच निघतं.

टाकीत फ्लोट तरंगतो. त्याची दांडी बारीक तारेच्या गुंडाळीवर एक पत्ती सरकवते, तसा करंट कमीजास्त होतो आणि काटा हलतो. फ्लोट, दांडी आणि गुंडाळी मिळून झालं टाकीचं युनिट. या करंटचा परतीचा रस्ता टाकीच्या पत्र्यातून बॉडीकडे. म्हणून टाकी नुकतीच रंगवून आणली आणि काटा बंद पडला, असं कुणी सांगितलं की निम्मं निदान झालंच म्हणा. रंगानं अर्थिंग, म्हणजे हा परतीचा रस्ता, तोडलेलं असतं. आपल्याकडच्या पावसात उभ्या गाडीत तेच काम गंज करतो. युनिटच्या स्क्रूपासून बॉडीच्या खरवडलेल्या पत्र्यापर्यंत एक जादा वायर जोडून बघा. काटा उठला तर प्रश्न मिटला.

नाही उठला तर युनिटवरची वायर काढून किल्ली फिरवा, काटा कुठं थांबतो बघा. किल्ली बंद करा, तीच वायर बॉडीला जोडा, परत किल्ली फिरवा. अ‍ॅम्बेसेडरसारख्या गाड्यांत पहिल्यांदा काटा रिकाम्यावर राहतो, दुसऱ्यांदा फुल्लकडे चढतो. असं झालं तर मीटर आणि वायर ठीक, दोष युनिटात. इथं लोक घाई करतात. जुना मीटर आतली पट्टी तापल्यावर चालतो, काटा सावकाश चढतो; लगेच हलला नाही म्हणून मीटर भंगारात टाकू नका. काटा टोकाला पोचला की मात्र किल्ली लगेच बंद करा. आणि वायर जोडणं-काढणं किल्ली बंद असतानाच. टाकीजवळची एक ठिणगी पुरे होते, त्यामुळे युनिट खोललेलं असताना ही चाचणी अजिबात नको.

पेट्रोल आणि टेंपरेचर, दोन्ही काटे एकदम बिघडले तर टाकीला हात लावू नका. मीटरमागचा छोटा व्होल्टेज स्टॅबिलायझर बघा. तो साधारण 10 व्होल्ट देतो, तेही तोडून-तोडून, म्हणून डिजिटल मल्टीमीटरवर आकडा नाचतो. तो बिघाड नव्हे. अशा मीटरला तपासायला म्हणून थेट 12 व्होल्ट देणारे महाभाग आहेत. मीटर जळतो.

युनिट काढायचंच असेल तर आधी बॅटरीची वायर सोडा, काम उघड्यावर करा. पितळी फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल डुचमळलं तर त्याला भोक पडलंय. त्याला डाग द्यायला बसू नका, आतल्या वाफेचा भडका उडतो. नवा फ्लोट घ्या. दांडी हळूहळू वरखाली करत मल्टीमीटरवर ओहम बघा. मध्येच आकडा गायब झाला तर तार झिजलीय.

काटा चुकीचं दाखवतो म्हणून दांडी अंदाजानं वाकवायची खोड वाईट. पाव टाकी दाखवत गाडी गगनबावड्याच्या घाटात कोरडी पडते. पन्हाळ्याच्या चढाला काटा थोडा डुलला तर तो बिघाड नाही, टाकीत पेट्रोल कलतं एवढंच.

बसवताना जुनी गॅस्केट परत वापरू नका. आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगतं, आणि मग डिकीत पेट्रोलचा वास सुटतो.