नोकरी सोडून जाणाऱ्या सहकाऱ्याच्या टीकेला उत्तर देताना

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा-दिग्रसच्या पट्ट्यात नोकरी सोडलेला माणूस पुढच्याच आठवडी बाजारात समोर येतो, त्याचे काका आपल्याच काट्यावर सोयाबीन घेऊन येतात, आणि त्याने राजीनाम्यात काय लिहिले व कंपनीने त्याला काय उत्तर दिले हे दोन दिवसांत पारावर पोहोचलेले असते. त्यामुळे असे उत्तर त्याच्या एकट्यासाठी नसते. कामावर राहिलेले लोक ते आपल्या वाट्याला उद्या काय येईल, हे ओळखण्यासाठी वाचतात.

आमची शेतमाल खरेदीची कंपनी दोन हंगामांत 7 जणांवरून 42 जणांवर गेली, तेव्हा एका केंद्राच्या पर्यवेक्षकाने फुलस्केप कागदावर तीन पानी राजीनामा लिहून दिला. त्याच रात्री मी उत्तर लिहायला बसलो आणि पहिलेच वाक्य ‘तुमच्यासाठी कंपनीने काय केले नाही’ असे उतरले. ते पाठवले नाही, हे बरे झाले. पहिल्या दिवशी ‘पत्र मिळाले, वाचले, आठ दिवसांत मुद्देसूद उत्तर देतो’ एवढेच कळवावे आणि ती मुदत काटेकोरपणे पाळावी.

मग पेन घेऊन पत्रातील प्रत्येक वाक्यावर खूण करावी: हे तपासता येईल का, हा त्या माणसाचा अनुभव आहे का, की हा कोणाच्या हेतूवरचा आरोप आहे? आमच्या पत्रातील सर्वांत बोचरे वाक्य तपासता येण्याजोगे होते. ‘दोन केंद्रांवरील ओलावा मोजण्याची यंत्रे वेगवेगळे आकडे दाखवतात आणि शिव्या आम्ही खातो,’ असे त्याने लिहिले होते. सोयाबीनला 12 टक्के ओलाव्याची मर्यादा धरून त्यावरील प्रत्येक टक्क्याला क्विंटलमागे एक किलो कट्टी, म्हणजे वजनात कपात, लावण्याची आमची पद्धत होती. एकाच पोत्यातला नमुना आम्ही दोन्ही यंत्रांत टाकला, एकाने 11.6 दाखवले, दुसऱ्याने 13.2. शेजारी उभा असलेला हमाल म्हणाला, ‘भाऊ, हे तं आमाले दिवाळीपासून दिसून राह्यलं.’ म्हणजे एकाच शेतकऱ्याच्या मालाला एका केंद्रावर कट्टी नव्हती आणि दुसऱ्यावर क्विंटलमागे सव्वा किलोच्या आसपास होती, आणि त्याचे उत्तर पर्यवेक्षकाला काट्यावर उभे राहून द्यावे लागत होते.

यापुढचा प्रश्न कोणीही टाळू नये: हे त्याने आधी कोणाला सांगितले होते का? सात जण होतो तेव्हा सगळे गोदामातच डबा उघडत होतो आणि तक्रार जेवता जेवताच कानावर पडत होती. आता तिसऱ्या केंद्रावरील माणसाचे म्हणणे दोन जणांच्या हातून माझ्यापर्यंत येते. जुने संदेश चाळले तेव्हा ऑक्टोबरच्या घाईत त्याने हेच कळवलेले सापडले, आणि त्याखाली माझे एका शब्दाचे उत्तर होते: ‘बघू’. वाढत्या कंपनीत जाणाऱ्याची टीका बहुधा अशीच असते. आधी दोनदा सांगून झालेली.

उत्तरात जे खरे निघाले ते पहिल्या परिच्छेदात, आढेवेढे न घेता लिहावे. आम्ही लिहिले: ‘यंत्रांबाबत तुमचे म्हणणे बरोबर आहे. 21 तारखेला एकाच नमुन्यावर दोन्ही यंत्रे तपासली, 1.6 टक्क्यांचा फरक आला. तुम्ही ऑक्टोबरमध्ये कळवले होते आणि मी लक्ष दिले नाही. जास्त आकडा दाखवणारे यंत्र बंद केले असून प्रत्येक केंद्रावर दर सोमवारी नमुना जुळवून त्याची नोंद वहीत होईल.’ जे चुकीचे असेल तेही लिहावे, पण पुराव्यासह आणि एकदाच. नातलगाला बढती दिल्याचा आरोप त्याने केला होता. त्या बढतीची तारीख, निकष आणि निवड करणाऱ्यांची नावे दिली आणि तेथेच थांबलो. अपमान झाल्याच्या भावनेला मात्र पुरावा मागू नये. ‘तुम्हाला तसे वाटले, हे वाचून वाईट वाटले’ एवढे मनापासून लिहिता येत नसेल तर तो मुद्दा प्रत्यक्ष भेटीसाठी ठेवावा.

पत्रात महिला सहकाऱ्याच्या लैंगिक छळाचा उल्लेख असेल, तर निवाडा संचालकाने स्वतः करू नये. 2013 च्या कायद्यानुसार 10 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. त्याहून लहान ठिकाणच्या तक्रारी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातात.

हिशेबाचा टीकेशी संबंध जोडू नये. वेतन संहिता, 2019 च्या कलम 17 नुसार राजीनामा देणाऱ्याचे देय वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करायचे असते. त्याच्या दुचाकीच्या पेट्रोलची बिले आमच्याकडे तीन महिने पडून होती. ती त्याच दिवशी काढली. अनुभवाचा दाखला ‘पत्र मागे घ्या’ म्हणून अडवून ठेवणे हा अन्याय आहे, आणि तालुक्यात तो कधीच झाकला जात नाही.

राहिलेल्या लोकांना काय बदलले हे गोदामात उभ्याने, दहा मिनिटांत सांगावे. जाणाऱ्याच्या स्वभावाची चर्चा कोणी काढली तर ती तिथेच थांबवावी, कारण ऐकणारा प्रत्येक जण आपल्या पाठीमागे काय बोलले जाईल याचा अंदाज बांधत असतो. पुढच्या हंगामाचे पहिले पोते काट्यावर येण्याआधी सोमवारच्या नोंदींची वही उघडून पाहावी, आणि नोंदी खरोखर होत असतील तर त्या पानाचा फोटो काढून ज्याने तक्रार केली होती त्याला पाठवावा.