एका वेळी चार कामं: उन्हाळ्यातल्या गोधडीकामात या चुका टाळा

मार्चअखेर हरभरा आणि गहू घरात आला की विदर्भातल्या खेड्यांत जुन्या लुगड्यांची गाठोडी सुटतात. दुपारी बारा ते चार घराबाहेर पाऊल टाकवत नाही, हात मोकळे असतात आणि कामंही एकदमच निघतात: बाळंतपणाला आलेल्या लेकीच्या बाळाचं दुपटं, लग्नात द्यायची आसनं, उशीचे अभ्रे, उरल्यासुरल्या तुकड्यांची लहानशी गोधडी. कामं छोटी, म्हणून चार काढली तरी काय बिघडतं, असं वाटतं. मृग लागतो ७-८ जूनला. तोवर एखादंच पुरं झालेलं असतं आणि बाकीची तीन परत गाठोड्यात जातात. बहुतेक वेळा यात शिवणाऱ्या हाताचा दोष नसतो. काय कशात मिसळलं, काम कुठे थांबवलं आणि कोणत्या वेळी कोणतं धरलं, तिथे घोळ असतो.

चारही कामांची कापणी एकाच दिवशी

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. सतरंजी अंथरली आहे, कात्री हातात आहे, तर सगळंच कापून टाकू, असा मोह होतो. मग साडेचार इंचाचे आणि पावणेपाच इंचाचे चौकोन एकाच टोपलीत पडतात. डोळ्याला फरक दिसत नाही. दिसतो तो आठवी ओळ जोडताना. शिवाय कापलेल्या सुती तुकड्याच्या कडा नुसत्या हाताळणीने उसवतात. तिरप्या कापलेल्या कडा तर ताणूनही निघतात. दोन आठवडे टोपलीत घोळलेला चौकोन चौकोन राहत नाही.

तीन कामं तीन टप्प्यांवर ठेवा: एक कापणीत, एक मशीनवर, एक हातशिलाईत. मशीनवरचं उतरल्याशिवाय पुढची कापणी नाही. चौथं काम असेलच तर त्याचं कापड भिजवून, वाळवून घडी करून ठेवा, कात्री लावू नका.

प्रत्येक कामाला वेगळी पिशवी हवी आणि पिशवीत पुठ्ठ्याचा तुकडा. त्यावर पेन्सिलीने लिहायचं: "दुपटं ३६ × ३६. चौकोन साडेचार इंच, एकूण ८१. पाच ओळी झाल्या. सहावी फुलाच्या चिटापासून सुरू." शेवटचं वाक्य सर्वांत कामाचं. लग्नाच्या धावपळीत आठ दिवस पिशवी उघडली नाही, तर मांडणी आठवण्यातच एक दुपार जाते.

मायेचा हिशेब

जोडकामाला पाव इंच माया, म्हणजे टिपेबाहेरची कड, सोडतात. साडेचार इंचाचा चौकोन शिवून झाल्यावर चार इंचाचा उरतो आणि नऊ चौकोनांची ओळ ३६ इंच भरते. आता टीप पाव इंचापेक्षा एक सूत आत गेली असं धरा. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पण ते दोन्ही तुकड्यांतून जातं, म्हणजे एका टिपेत पाव इंच कमी. नऊ चौकोनांत आठ टिपा, म्हणजे ओळ दोन इंचांनी आखूड. एक ओळ ३६ आणि दुसरी ३४ भरली, की लोक ताणून जुळवतात आणि दुपट्याच्या मधोमध फुगा येतो. तो नंतर कितीही इस्त्री केली तरी बसत नाही.

मशीनच्या पत्र्यावर सुईपासून पाव इंचावर चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला लावून चालवा. काम बदललं, सुई बदलली की तीन चौकोन जोडून मधला मोजा. तो बरोबर चार इंच भरला तरच पुढे जा. मोजायला स्टीलची पट्टी घ्या. जुनी कापडी टेप ताणून लांबलेली असते, आणि एकाच घरातल्या दोन टेपा क्वचितच एकमेकींशी जुळतात.

न भिजवलेलं कापड आणि मिसळलेलं सूत

नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, जुनं लुगडं आटून झालेलं असतं. दोन्ही एकाच दुपट्यात जोडली की धुतल्यावर नवे चौकोन चुण्या पाडतात. म्हणून नवं कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. खळ निघून जाईल आणि आटायचं तेवढं आटेल. सावलीत वाळवा. मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर दिवसभर टाकलेला गडद रंग एका दिवसात उतरू शकतो.

लाल, किरमिजी, गर्द निळं कापड असेल तर ओलं करून पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. फडक्याला रंग लागला तर परत धुवा, पुन्हा बघा. तीन-चार धुण्यांनंतरही लागत असेल तर ते पायपुसण्यात वापरा. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो, यावर भरवसा ठेवू नका. एकदा कापडावर बसलेला कच्चा रंग मिठाने अडत नाही.

सुती म्हणून दिलेलं लुगडं पुष्कळदा मिसळीचं असतं. काठाचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरून जाळा. सूत कागदासारखं जळून मऊ राख होते. पॉलिस्टर वितळून कडक काळी गुठळी होते. असं कापड सुती इस्त्रीच्या उष्णतेला चिकटतं आणि उन्हाळ्यात अंगालाही नकोसं होतं.

जुनं लुगडं घेताना उजेडासमोर धरा. बसायचा भाग आणि खालचा घेर आधी विरलेला असतो, तिथली वीण जाळीसारखी दिसते. दोन्ही हातांनी हलकं ताणल्यावर चर्र आवाज आला, तर तो भाग मधल्या थरात टाका. जरीचा किंवा रेशमी काठ चौकोनात धरू नका, तो वेगळा आटतो. सहावारी साडी साडेपाच मीटरच्या आसपास असते. ३६ इंचाच्या दुपट्याला ४० इंचाचा एक थर लागतो, म्हणजे चांगल्या साडीतून पाच थर निघतात. उन्हाळ्यातल्या बाळाला तीन पुरे.

दुपारचं काम सकाळी, सकाळचं दुपारी

सकाळ वाळवणाची असते. कुरड्या, सरगुंडे, पापड उन्हं चढायच्या आत घालायचे असतात. त्याच हातांनी मधेच चार टाके घालायला बसलं की पापडाचं तेल कापडाला लागतं. तो डाग त्या वेळी दिसत नाही, इस्त्रीखाली पिवळा उमटतो. आमरसाचंही तेच, ताटं उचलली, हात साबणाने धुतले, मगच पिशवी उघडा.

उन्हाच्या झळा नकोत म्हणून दुपारी दारं-खिडक्या लावून घेतल्या की माजघरात अंधार होतो. काळ्या-निळ्या कापडावर तिथे धावदोरा घातला तर टाके लहानमोठे पडतात, आणि ते कळतं संध्याकाळी. गडद कापडाचं काम, कापणी आणि मापं सकाळी ओसरीत. दुपारी फिक्या कापडाची हातशिलाई. भारनियमनाचं वेळापत्रक बघून इस्त्री एकदाच सगळ्या कामांची करून घ्या. वीज गेल्यावर जोडकाम करायचं असेल तर टीप नखाने घासून बसवा, तेवढ्याने भागतं.

कुलरसमोर बसायला बरं वाटतं, पण मांडलेले चौकोन उडतात आणि कापडात दमट हवा भरते. कच्च्या रंगाचा तुकडा पांढऱ्यावर तसाच घडी करून ठेवला तर डाग पडतो. घामेजल्या हाताची सुई कापडातच खोचून ठेवली की गंजाचा ठिपका उमटतो आणि तो धुतल्याने जात नाही. सुई रोज काढून फ्लॅनेलच्या तुकड्यात ठेवा.

याच्या उलट कुलर नसलेल्या टिनाच्या घरात दोरा तुटत राहतो. सूत ओलं असताना जास्त मजबूत असतं आणि अगदी कोरड्या हवेत कमजोर पडतं, म्हणून एप्रिल-मेमध्ये हा त्रास वाढतो. दोऱ्याची रिळं खिडकीत ठेवू नका. दोरा हातभर, म्हणजे अठरा इंचच घ्या. लांब दोरा वेळ वाचवत नाही, गुंततो आणि टोकाकडे झिजतो. मधमाशीच्या मेणावरून एकदा ओढून घ्या. मेण वितळायला ६० अंशांच्या वर उष्णता लागते, पण त्याच्या कितीतरी आधी ते मऊ होऊन कापडाला चिकटतं, म्हणून वडी डबीत ठेवा आणि मेणावलेला दोरा बोटांत धरून जादा मेण पुसून काढा.

खुणा उडून जाणं

हवेने आपोआप पुसली जाणारी जांभळी शाई एकच काम हातात असेल तर ठीक. चार कामं फिरवत असाल तर दोन दिवसांनी परत आल्यावर ओळी गायब असतात. उष्णतेने पुसला जाणारा पेन तर गरम इस्त्री फिरली की साफ. आंघोळीच्या साबणाची वाळलेली चिप गडद कापडावर, साधी पेन्सिल फिक्यावर. बॉलपेन कशावरच नाही.

थर मांडताना

घरची रुई वापरायची असेल तर ती पिंजलेली आणि सरकी पूर्ण काढलेली हवी. सरकीचा चुरा राहिला तर त्यातलं तेल पाझरून पिवळे ठिपके येतात. ३६ इंचाच्या दुपट्याला सव्वाशे ते दीडशे ग्रॅम रुई पुरते. त्याहून जास्त भरली तर हाताने सुई आरपार जात नाही, मग लोक दाभण घेतात आणि कापडाला भोकं पडतात.

रुई भरली असेल तर धावदोऱ्याच्या दोन ओळींत दोन-अडीच इंचांपेक्षा जास्त अंतर ठेवू नका, नाहीतर दोन धुण्यांत रुई गोळा होऊन कोपऱ्यात जमते. नुसते लुगड्याचे थर असतील तर अंतर तुमच्या हौसेवर.

अस्तर वरच्या थरापेक्षा चारही बाजूंनी दोन इंच मोठं ठेवा. सारवलेल्या जमिनीवर थेट अंथरू नका, माती चिकटते. सतरंजीवर अस्तर ताणून कडा चिकटपट्टीने धरा. ताणून म्हणजे चुणी जाईल इतकंच. रबरासारखं ओढलं तर सोडल्यावर आकसून वर सुरकुत्या देतं. मधून बाहेर टाचत जा, चार-चार इंचांवर, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने. काठाकडून आत फेऱ्या घेत येण्याची जुनी पद्धत सुंदर दिसते, पण टाचण पक्कं असेल तरच. ढिल्या टाचणावर ती केली की सगळा ढिलेपणा मधोमध गोळा होतो. तसं झालं तर सगळं उसवू नका. फुग्याच्या दोन्ही बाजूंच्या दोन-दोन फेऱ्या काढा, हाताने पसरा, पुन्हा टाचा आणि मग शिवा. कोपरे वर उचलत असतील तर दोरा ओढला जातोय. दर हातभर शिवून झालं की कापड सपाट ठेवून ओळीवरून अंगठा फिरवा.

टाके इंचाला पाच-सहा पुरेत. दर ओळीनंतर उलटी बाजू बघा, वरवरचा टाका अस्तराला पकडत नाही.

मशीन कुरकुरतं तेव्हा

खालच्या बाजूला दोऱ्याचे फास दिसले तर बहुतेक वेळा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो. बॉबिनला दोष देण्याआधी वरचा दोरा पूर्ण काढून परत ओवा. टाके सुटत असतील तर सुई बोथट आहे. जोडकामाला १४ नंबर, थरांच्या शिलाईला १६. मशीनच्या सुईत नंबर वाढला की सुई जाड होते, हातसुईत नंबर वाढला की बारीक. दुकानात इथे नेहमी गफलत होते. रुईच्या कामानंतर कापड सरकवणाऱ्या दातांखालचा बुरा ब्रशने काढा. तेल मशीनचंच, दोन थेंब. खोबरेल कधीच नको, ते घट्ट होऊन मशीन जाम करतं.

दोऱ्याचा आणि दिवसांचा अंदाज

आठवडी बाजार आठवड्यातून एकदाच. दोरा मधेच संपला तर सात दिवस काम बंद, आणि पुढच्या वेळी आणलेल्या रिळाची छटा थोडी वेगळी निघते. ३६ इंचाच्या दुपट्यावर इंचाइंचावर ओळी घेतल्या तर ३६ ओळी, म्हणजे सुमारे ३३ मीटर. थरांतून जाणं, गाठी, तुटलेले तुकडे धरून ४५ मीटर लागतो. दुहेरी दोऱ्याला ९०. गोट, म्हणजे कडेची पट्टी, लावायला अडीच इंच रुंदीच्या पट्ट्या, सांध्यांसकट १६० इंच: ४४ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडातून चार पट्ट्या, म्हणजे दहा इंच कापड.

सरावलेल्या हाताला अशा एका ओळीला दहा-बारा मिनिटं लागतात. एक दुपटं म्हणजे सहा-सात तास, म्हणजे रोजचे दोन तास धरले तर चार दुपारी, फक्त हातशिलाईच्या. हे गणित नवतपा, म्हणजे मेअखेरचे तापलेले नऊ दिवस, सुरू व्हायच्या आधी मांडा. मृगानंतर बियाणं, खत, पेरणी यात सुई कोणाच्या हातात येत नाही. २५ मेला जे काम मशीनवरही चढलेलं नाही, ते यंदा सोडून द्या.

बाळाच्या दुपट्याचं वेगळं

टिकल्या, मणी, बटणं लावू नका. टाचण्या मोजून लावा, मोजून काढा. शक्यतो टाचण्या टाळून दोऱ्यानेच टाचा. टोचून रक्ताचा ठिपका पडला तर लगेच गार पाण्याने धुवा, गरम पाण्याने तो पक्का होतो. आणि दुपट्यांच्या पेटीत डांबराच्या गोळ्या नकोत. ज्या बाळांच्या रक्तात जन्मतःच एक विशिष्ट एन्झाइम कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांमुळे फुटू शकतात, आणि आपल्या बाळाला ते आहे की नाही हे आधी कळत नाही.

पावसाळ्यापूर्वी बांधून ठेवताना

पुरं झालेलं काम दोन तास उन्हात द्या, मग सावलीत पूर्ण थंड होऊ द्या. गरम गाठोडं प्लास्टिकमध्ये बांधलं की आत ओल धरते आणि जुलैत बुरशीचे काळे ठिपके दिसतात. लोखंडी पेटी विटांवर ठेवा, भिंतीपासून वीतभर दूर, म्हणजे उदई (वाळवी) चढलेली लगेच दिसते. कडुनिंबाचा पाला घालायचा तर कडकडीत वाळलेला आणि कापडात बांधून. ओलसर पाल्याचा हिरवा डाग फिक्या कापडावर राहतो.

अर्धवट राहिलेल्या कामाची, कापड ताणून धरणारी रिंग लावली असेल तर काढा, सुई काढा, खळ लागलेला तुकडा असेल तर बाजूला करा कारण उंदीर आधी त्याच्याकडे येतात. टाचून ठेवलेलं दुपटं घडी न करता जुन्या चादरीसह गुंडाळा. पुठ्ठ्यावरची शेवटची ओळ नव्याने लिहा आणि त्याच पिशवीत त्याच दोऱ्याचं रीळ ठेवा.