डिल पिकल घरी करताना या चुका टाळा

डिल पिकल, म्हणजे शेपू घालून मुरवलेल्या काकडीची बरणी उघडली आणि काकडी बोटानेच दबली, की जीव हळहळतो. माझ्या पहिल्या दोन बरण्या अशाच गेल्या. वाटलं मीठ कमी पडलं, पण दोष काकडीच्या टोकाचा होता. देठाच्या विरुद्ध बाजूला, जिथे फूल गळून पडलेलं असतं, तिथली एन्झाइम्स काकडी मऊ करतात. तिथून दीड मिलिमीटरची चकती कापून टाकायचीच. काकडीही लोणच्याची, आखूड आणि खरबरीत सालीची हवी, शक्यतो आदल्या दिवशी तोडलेली. दुकानातल्या लांब काकडीला बऱ्याचदा मेण लावलेलं असतं, त्यातून पाणी आत मुरत नाही.

दुसरी चूक आपल्याकडून हमखास होते: भाजीला आणतो तसा कोवळा शेपू घालणं. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांनी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला पिंपांतून विकलेल्या काकडीचा तो वास फुलोऱ्याचा आणि हिरव्या दाण्यांचा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये शेतकरी बाजारात छत्रीसारखे तुरे लागलेले लांब दांडे मिळतात, ते घ्या. नाहीच मिळाले, तर एका तुऱ्याऐवजी चहाचा चमचाभर बाळंतशोपा घाला.

आंबवायच्या काकडीला लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ, तेही तोलून. जाड्या मिठाचा कप आणि बारीक मिठाचा कप सारखा भरत नाही. बरणी २१ ते २४ अंश सेल्सिअसला तीन-चार आठवडे ठेवा. २७च्या वर गेलं की काकडी मऊ पडायला लागते. पाणी गढूळ झालं म्हणून घाबरून ओतून देऊ नका, काकडी आंबते आहे. वर पांढरा पापुद्रा आला तर रोज काढा आणि काकडी पाण्याखाली दाबून ठेवा. लसूण निळसर झाली तरी चालते. पण काकडी बुळबुळीत झाली किंवा घाण वास आला, तर चव न घेता सगळं टाका.

व्हिनेगरमधल्या, कपाटात वर्षभर ठेवायच्या काकडीबद्दल मात्र कळकळीने सांगते: आंबट फार होतंय म्हणून व्हिनेगर कमी करू नका. बाटलीवर ५ टक्के आम्लता लिहिलेली बघा आणि तपासलेल्या कृतीतलं प्रमाण तसंच ठेवा. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.६च्या वर गेला, तर बंद बरणीत बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष तयार होऊ शकतं, आणि ते ना दिसतं ना वासाने कळतं. आंबटपणा टोचत असेल तर साखर वाढवा.

या काकडीचा रस्सा करणार असाल, तर सावर क्रीम (आंबवलेली घट्ट साय) उकळत्या रश्श्यात घातलं की फाटतं. आच बंद करून, आधी दोन चमचे गरम रस्सा त्यात कालवून मगच घाला. कोवळा शेपू इथे, अगदी शेवटी.

बरणीतलं उरलेलं पाणी नव्या काकडीला वापरू नका, त्याचा आंबटपणा उतरलेला असतो. बटाट्याच्या सॅलडला वापरा, पण बटाटे गार होऊ देऊ नका. सोलल्या सोलल्या, वाफ निघत असतानाच शिंपडलं तर ते आतपर्यंत मुरतं.