एक्सेलमध्ये एक न्यूरॉन पेटवायचा कसा?

मेंदूचं मॉडेल म्हटलं की पोरं महासंगणकाच्या गोष्टी करतात. मी त्यांना एक्सेलचा एक रकाना उघडायला लावते.

पहिल्या घरात उणे ६५ लिहा. हा निवांत न्यूरॉनचा, म्हणजे मेंदूतल्या पेशीचा व्होल्टेज, मिलिव्होल्टमध्ये. एक ओळ म्हणजे एक मिलिसेकंद. खालच्या घराचं सूत्र असं: वरचा आकडा उणे ६५ पासून जितका वर सरकलाय तेवढा २० मधून वजा करा, उरेल त्याला २० ने भागा, आणि वरच्या आकड्यात मिळवा. पहिले वीस म्हणजे आपण दिलेला धक्का, दुसरे म्हणजे पेशीतला विद्युतभार किती सावकाश गळतो ते. या दोन विसांत माझाही घोळ झालाय, म्हणून ते वेगळ्या घरांत ठेवा, डॉलरची खूण लावून.

वरचा आकडा उणे ५० किंवा त्यापुढे गेला, तर पेशी पेटली; मग 'इफ' लावून परत उणे ६५.

सूत्र दोनशे ओळी ओढा, आलेख काढा. दर २९ ओळींनी करवतीचा दात दिसेल, म्हणजे पेशी पेटली. आता धक्का १४ करा: रेघ उणे ५१ पाशी टेकते, पेशी गप्प! १५, १६ घालून बघाच.

ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ लुई लापिक यांची, १९०७ ची. यात पेशीच्या आतबाहेर करणारे सोडियम-पोटॅशियमचे आयन नाहीत. ते हवे तर हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांची १९५२ ची समीकरणं घ्या. केंब्रिजचा संगणक बंद होता, म्हणून हक्सलींनी ती हाताने फिरवायच्या यंत्रावर सोडवली होती. या समीकरणांत मात्र ओळ ०.०१ मिलिसेकंदाची धरा, नाहीतर आकडे भडकतात.